कामत, कामोतिम, कामथ: एकाच आडनावाचे कागद आणि ग्रंथ शोधताना

प्रश्न असा आहे: "आमचं आडनाव कामत, मूळ गोव्याचं. पणजोबांच्या जन्मनोंदीत ते ‘कामोतिम’ असं आहे. पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये म्हामाय कामतांच्या पेढीचे कागद आहेत असं कळलं. ग्रंथालयांच्या सूचीत कामत आणि कामथ नावाचे बरेच अभ्यासकही दिसतात. हे सगळं एकत्र करून घराण्याचा ग्रंथ काढायचा आहे. सुरुवात कुठून करावी?"

सुरुवात ग्रंथाचा विचार बाजूला ठेवून करावी. आज तुमच्या हाती आहे ती आडनावाची यादी. तिला घराण्याची यादी समजलात की पुढची दोन वर्षं फुकट जातील. कामत, नायक, प्रभू, देसाई, पै ही कुणा एका मूळपुरुषाची नावं नव्हेत. ती हुद्द्यावरून, मानावरून नाहीतर कामावरून पडली, आणि गावोगावी, वेगवेगळ्या जातींत स्वतंत्रपणे पडली. नायक तर गोव्यात इतक्या समाजांत आहेत की नुसत्या ‘नायक’ या शब्दाला पुरावा म्हणून काडीची किंमत नाही.

‘कर’ लागलेल्या आडनावांचीही गत तीच. पिसुर्लेकर म्हणजे पिसुर्ल्याचे, प्रियोळकर म्हणजे प्रियोळचे. यातून गाव कळतं, घर कळत नाही. त्यातही एक गोम आहे. गावातच राहिलेल्याला गावाचं नाव सहसा लागत नाही, गाव सोडून गेलेल्याला लागतं. त्यामुळे सख्ख्या भावांच्या दोन शाखा दोन आडनावांनी सापडतात, आणि एकाच आडनावाच्या चार घरांचा आपसात काही संबंध नसतो. ख्रिस्ती घरांत हा गुंता आणखी वाढतो. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचं किंवा पाद्रीचं आडनाव घेतलं जाई, म्हणून एकाच गावातले दोन सोझा किंवा दोन फर्नांडिस वेगवेगळ्या मूळ घराण्यांचे असू शकतात. तिथे खरी ओळख आडनावातून मिळत नाही, गावकारीतल्या, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या मूळ घरांच्या संस्थेतल्या, वांगडातून (कुळांच्या गटातून) मिळते.

आता कामतांकडे. अठराव्या शतकाच्या पोर्तुगीज कागदांत किमान दोन कामत ठळकपणे भेटतात. एक म्हामाय कामत: पणजीत जुन्या सचिवालयाच्या शेजारी ज्यांचा वाडा आहे ते व्यापारी आणि दलाल. दुसरे कामत वाघ. या घरातली माणसं सरकारची ‘लिंग्वा’ म्हणजे राज्याची दुभाषी होती. पोर्तुगीज कारकून दोघांनाही ‘कामोतिम’ लिहितो. फरक कळतो तो पुढच्या शब्दावरून, म्हामाय की वाग. सूचीकार हा पुढचा शब्द पुष्कळदा गाळतो. म्हणून सूचीत ‘कामोतिम’ दिसलं तर मूळ पान मागवून पूर्ण नाव पाहिल्याशिवाय टिपणाची चिठ्ठी करू नये.

तुमच्या शोधाला सर्वांत जास्त उपयोग होईल तो स्पेलिंगच्या नियमांचा. पोर्तुगीज लेखनात आपला अ बहुधा ओ होतो, म्हणून प्रभूचा ‘पोरोबो’, पैचा ‘पोय’, भटाचा ‘बोत्तो’. क हा आ, ओ, ऊ यांच्या आधी सी ने लिहितात आणि ए, ई यांच्या आधी क्यू-यू ने. केणी शोधायचे तर क्यू खाली शोधावे लागतात आणि केंकरेही तिथेच. श साठी एक्स: शंकर, केशव, लक्ष्मण, गणेश, पुरुषोत्तम या सगळ्यांत एक्स येतो, शेट हे आडनाव तर एक्सनेच सुरू होतं. ज पुढे ई आली की जी, म्हणजे रामजी आणि विठोजी यांच्या शेवटी जी-आय. घ, ध, भ यांतला हकार कधी लिहितात, कधी खातात. शेवटी दिसणारा एम हा म नाहीच, तो अनुस्वार आहे. म्हणून ‘कामोतिम’ वाचायचं ते कामोतीं असं. शेणवीचं ‘सिनाय’ होतं, आणि हे सिनाय बहुतेक वेळा आडनाव नसून आडनावाआधीचा शब्द असतो.

शिवाय पोर्तुगालमध्ये १९११ साली शुद्धलेखन बदललं: जोड-अक्षरं गेली, पी-एचचा एफ झाला, वायचा आय झाला. त्यामुळे एकाच माणसाचं नाव १९०० च्या आणि १९२० च्या छापील पानावर वेगळं दिसतं. १९६१ नंतर इंग्रजी वळणाचं स्पेलिंग आलं आणि सी जाऊन के बसला. तुमच्या पणजोबांचं ‘कामोतिम’ मधल्या पिढीत ‘कामोत’ही झालेलं असू शकतं. संगणकावर शोधताना प्रत्येक आडनावाची सहा-सात रूपं आधी कागदावर लिहून घ्या आणि एकेक करून चालवा. एकाच रूपावर शोध थांबवून "काही मिळालं नाही" म्हणणं ही या कामातली सर्वांत नेहमीची चूक.

कागद कुठे पाहायचे, याचा क्रम अलीकडून मागे असा धरावा. गोव्यात सर्वांसाठी नागरी नोंदणी १९१४ पासून आहे. जन्म, विवाह, मृत्यूची पुस्तकं तालुक्याच्या नागरी निबंधकाकडे असतात. तिथून नुसता दाखला न घेता संपूर्ण नोंदीची नक्कल मागा. दाखल्यावर जेमतेम नाव आणि तारीख येते. पूर्ण नोंदीत आईवडील, आजा-आजी, राहण्याचं ठिकाण आणि साक्षीदार असतात, समासात पुढे झालेल्या दुरुस्त्याही असतात. नाव बदललं असेल तर ते बहुधा या समासातच सापडतं. १९९० च्या नाव-आडनाव बदल कायद्यानंतरचे बदल स्वतंत्रपणे तपासावे लागतात.

१९१४ च्या मागे गेलात की हिंदू घरांसाठी दोन भक्कम साधनं उरतात. पहिलं इन्व्हेंटरी, म्हणजे माणूस वारल्यावर वारसांमध्ये वाटणीसाठी कोर्टात चाललेलं काम. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. तिच्या चौकटीत झालेल्या इन्व्हेंटरीत मृताचे सगळे वारस, लग्न झालेल्या मुलींसकट आणि त्यांच्या नवऱ्यांच्या नावांसकट, ओळीने येतात. वंशवेलीत मुली गाळायची आपल्याकडे रीतच आहे, इथे त्या गाळता येत नाहीत. दत्तकही इथेच उघडा पडतो. हिंदूंच्या रूढींची १८८० ची संहिता दत्तक मानत होती. दत्तक गेलेला मुलगा नव्या घराचं आडनाव लावतो, आणि रक्ताची ओळ व आडनावाची ओळ तिथे फुटते. ग्रंथात यांपैकी कोणती ओळ दाखवणार, हे आधीच ठरवून ठेवा.

दुसरं साधन देवस्थानाच्या महाजनांची, म्हणजे देवळाच्या हक्कदार घरांची, नोंद. महाजनांसाठी १८८६ साली आणि पुन्हा १९३३ साली नियमावली झाली. तिच्याप्रमाणे प्रत्येक देवळाचा लेखी करार आणि महाजनांची नोंदवही असते, आणि देवस्थानांचा प्रशासक म्हणून मामलेदाराकडे ही कागदपत्रं जातात. कुळदेव ठाऊक असेल तर आडनावापेक्षा इथून लवकर वाट मिळते. मात्र देऊळ आज जिथे आहे तिथलंच घराणं, असं समजू नये. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आणि म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. सोळाव्या शतकात साष्टीतून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, गेलेल्या देवांची मूळ गावं हीच तुमच्या शोधाचीही मूळ गावं असण्याचा संभव असतो.

जुन्या काबिजादीत, म्हणजे तिसवाडी, बारदेस आणि साष्टीत, गावकारीच्या वह्या पाहाव्यात. कोमुनिदादींची, म्हणजे याच गावकारींची, कार्यालयं पणजी, म्हापसा आणि मडगावला आहेत. झण, म्हणजे गावकारीच्या उत्पन्नातला वाटा, घेणाऱ्या गावकारांची नोंद वांगडाप्रमाणे होते, म्हणून नावासोबत वांगड आणि वडिलांचं नाव मिळतं. फिलीप नेरी शाव्हियेर यांचा कोमुनिदादींवरचा १८५२ चा ग्रंथ आधी चाळला तर वह्यांतल्या शब्दांचा अर्थ लागेल. नव्या काबिजादीसाठी हा मार्ग फारसा चालत नाही. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा हा मुलूख १७६३ ते १७८८ च्या दरम्यान पोर्तुगीजांकडे आला, तेव्हा त्याआधीचे कागद सौंदेकर, सावंतवाडीकर आणि मराठ्यांच्या दप्तरांत शोधायचे.

पणजीचं पुराभिलेखागार सर्वांत शेवटी ठेवलंय ते मुद्दाम. १५९५ साली इतिहासकार दियोगु दु कोतु यांच्याकडे सोपवलेलं हे दप्तर कचेरीप्रमाणे लावलेलं आहे, माणसांप्रमाणे नाही. ‘मोंसांव’ म्हणजे लिस्बनशी चाललेला पत्रव्यवहार, ‘रेइश व्हिझिन्युश’ म्हणजे शेजारच्या राजांशी. आत कोणतं आडनाव कुठे आहे हे सांगणारी एकच सूची नाही. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी १९५५ साली या दप्तराची मार्गदर्शिका छापली, तीत कोणती मालिका कशाची हे कळतं. त्यांनी १९५२ साली छापलेला पोर्तुगीजांच्या एतद्देशीय वकिलांवरचा ग्रंथ शेणवी-कामतांच्या शोधाला जास्त जवळचा. आधी छापील ग्रंथातून तारीख काढायची आणि मग त्या तारखेचा खंड मागवायचा. उलट केलंत तर दिवसाला चाळीस पानं उलटाल आणि हाती काही लागणार नाही. सरकारी गॅझेटचे, म्हणजे ‘बोलेतीं’चे, अंक १८३७ पासून आहेत. नेमणुका, लिलाव आणि देवस्थानांचे करार त्यांत छापले जात, तेही विसरू नका.

आता ‘अमुक संग्रह’ या नावाबद्दल. आडनाव लागलेले संग्रह तीन तऱ्हेचे असतात आणि तिन्ही वेगळ्या रीतीने वाचायचे असतात. म्हामाय कामतांचे कागद पेढीने स्वतःच्या व्यवहारासाठी लिहिले-राखले. त्यांत मराठी, पोर्तुगीज, फ्रेंच, इंग्रजी, गुजराती असं सगळं आहे, आणि माल, हुंडी, तंबाखू, अफू, जहाजं हे विषय आहेत. कुटुंबाची माहिती त्यात ओघाने येते: कुणाच्या सहीने पत्र सुटतं, कुणाच्या नावे खातं आहे. दुसरी तऱ्हा गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या पिसुर्लेकर संग्रहाची. ते एका अभ्यासकाचं ग्रंथालय आहे. त्यात पिसुर्लेकर घराण्याचा इतिहास शोधणं म्हणजे वैद्याच्या कपाटात वैद्याचा आजार शोधण्यासारखं. तिसरी तऱ्हा सरकारी बस्त्यांची. सत्तरीचे राणे पोर्तुगीज दप्तरात भरपूर आहेत: १८५२ चे दीपाजी राणे, १८९५ चे दादा राणे. पण तिथे लेखणी सरकारची आहे. त्या कागदांत राणे हा ‘बंडखोर’ असतो आणि नातं क्वचितच नीट लिहिलेलं असतं.

लेखकांच्या बाबतीत आडनाव याहून जास्त फसवतं. कोसंबींचं उदाहरण घ्या. इथे नातं पक्कं आहे: साखवाळला जन्मलेले धर्मानंद (१८७६–१९४७), त्यांचे चिरंजीव दामोदर (१९०७–१९६६) आणि नात मीरा (१९३९–२०१५). तरीही घोटाळा होतोच. हार्वर्ड ओरिएंटल सीरिजचा ४१ वा खंड, ‘विसुद्धिमग्ग’, धर्मानंदांच्या मृत्यूनंतर १९५० साली निघाला. ४२ वा खंड, ‘सुभाषितरत्नकोश’, दामोदरांनी वि. वि. गोखल्यांसोबत संपादून १९५७ साली काढला. लागोपाठचे दोन खंड, दोघांचंही आद्याक्षर डी. मग १९५० चा ग्रंथ मुलाच्या नावावर जमा व्हायला वेळ लागत नाही. मीराताईंनी आजोबांचं आणि वडिलांसंबंधीचं लेखन संपादित केलं, त्यामुळे एकच ग्रंथ यादीत लेखक म्हणून एकदा आणि संपादक म्हणून एकदा, असा दोनदा मोजला जातो. उलट दामोदरांचे गणितावरचे काही निबंध ‘एस. ड्युक्रे’ या टोपणनावाने छापलेले आहेत. आडनावावर शोधणाऱ्याला ते कधीच सापडणार नाहीत. दामोदरांच्या संग्रहातली पुस्तकं पाहायची तर दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात जावं लागतं, गोव्यात नाही.

दुसऱ्या टोकाला कुन्य. जोझे जेर्सन द कुन्य (१८४४–१९००) हे बारदेशातल्या हडफड्याचे, मुंबईत डॉक्टरकी करून इतिहास आणि नाणी अभ्यासणारे. त्रिश्तांव द ब्रागांस कुन्य (१८९१–१९५८) स्वातंत्र्यलढ्यातले. आणि कुन्य रिव्हार (१८०९–१८७९) पोर्तुगालहून आलेले राज्यसचिव, कोंकणीवर १८५८ साली निबंध लिहिणारे. तिघांत कुन्य हा शब्द समान, बाकी काही नाही. शिवाय पोर्तुगीज रीतीत सूची शेवटच्या आडनावाने लागते, म्हणून रिव्हार हे आर खाली सापडतील. कोंकणी लेखक शणै गोंयबाब म्हणजे वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर (१८७७–१९४६) हे रोमन सूचीत तीन-चार ठिकाणी विखुरलेले आहेत. पिसुर्लेकरांचंही तसंच: पांडुरोंग की पांडुरंग, सी की के, शेणवी लावलं की गाळलं, यावर त्यांचा एकच ग्रंथ चार नोंदींत जातो. तुमच्या यादीत कर्नाटक गॅझेटिअरचे एकेकाळचे संपादक सूर्यनाथ कामथ येतील. तिथे रोमन लेखनात टी-एच आहे, कारण कानडी मुलखात तसं लिहितात. तो एच घराणं वेगळं असल्याचा पुरावा नाही आणि एकच असल्याचाही नाही.

चिठ्ठी कशी करायची? एका कागदाला एक चिठ्ठी. वर नाव जसं लिहिलं आहे तसं, चुकीसकट. खाली आजचं रूप. मग वडिलांचं नाव, गाव, देव, वांगड असल्यास वांगड, तारीख, आणि त्या कागदात माणूस काय म्हणून आला आहे: लिहिणारा, जामीन, साक्षीदार, कूळ. शेवटी दप्तर, खंड, पान. हे शेवटचं राहिलं तर चिठ्ठी फेकून दिलेली बरी. दोन चिठ्ठ्यांतला माणूस एकच, असं म्हणायला वडिलांचं नाव, गाव, देव, धंदा आणि काळ या पाचांपैकी निदान तीन जुळले पाहिजेत. आडनाव या पाचांत धरायचं नाही.

वडिलांचं नाव जुळलं तरी सावध असावं. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत असल्यामुळे ‘नारायण वेंकटेश’ ही जोडी दोन पिढ्यांनी, म्हणजे पन्नास-साठ वर्षांनी, जशीच्या तशी परत येते. ऐंशी वर्षं पेढी चालवणारा नारायण दिसला तर तो एक नाही, दोन आहेत.

मोडी कागदांवरच्या सनांनीही अशीच फसगत होते. शके असेल तर ७८ मिळवा (पौषानंतरच्या तारखेला ७९). शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतला अरबी सन) असेल तर ५९९ किंवा ६००, आणि तो अंकांत नसून ‘सलास’, ‘खमस’ अशा अरबी शब्दांत लिहिलेला असतो. शुहूर सनाला शके समजलात तर माणूस पाच शतकांनी मागे जाईल. तशी चूक निदान ओळखू तरी येते. एका वर्षाची चूक मात्र अखेरपर्यंत लपून राहते, म्हणून तिथी आणि वार दोन्ही उतरवून घ्या.

घरात जुनी पेटी असेल, आणि कामतांच्या घरी बहुधा असतेच, तर तिला हात लावण्याआधी एवढं लक्षात ठेवा. रुमालात कागद ज्या क्रमाने बांधलेले आहेत तो क्रम मोडू नका. तारखेप्रमाणे किंवा माणसाप्रमाणे लावण्याचा मोह आवरा. सही नसलेलं पत्र कुणाचं हे शेजारच्या कागदावरूनच कळतं. प्रत्येक रुमालाला क्रमांक द्या, आतल्या कागदांना पेन्सिलीने कोपऱ्यात क्रमांक द्या, आणि मगच फोटो काढा. सेलोटेप, स्टेपलर, टाचण्या, लॅमिनेशन यांतलं काहीही नको. लोहयुक्त काळ्या शाईने जिथे कागद खाल्ला आहे, तिथे पान दोन कागदांच्या मध्ये धरून उलटा, नाहीतर अक्षराच्या आकाराचे तुकडे गळून पडतात. पावसाळ्यात पेटी उघडायची नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा कागदाला बुरशी आणते. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. पेटी भिंतीला चिकटवून किंवा थेट जमिनीवर ठेवू नका, वाळवी तिथूनच चढते.

ग्रंथ छापायची वेळ येईल तेव्हा जुळलेली माणसं वंशवेलीत घाला आणि न जुळलेले कामत शेवटी वेगळ्या यादीत द्या, कागदाच्या पत्त्यासह. त्या यादीतलं एखादं नाव दुसऱ्याच कुणाच्या पेटीतल्या कागदाशी जुळेल, पण त्यासाठी दप्तर, खंड आणि पान छापलेलं असायला हवं.